काळ्या मातीतला बाक

तमाम रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सिंदी मेघेतल्या आमच्या लेआउटच्या मोकळ्या जागेत गेल्या उन्हाळ्यात बसवलेला सिमेंटचा बाक, कोणीही धक्का दिलेला नसताना, डावीकडे कलला. गुन्हेगार सापडला आहे. तो मीच.

बाक बायकोच्या नावाचा. पाठीवर तिचं नाव, खाली ‘स्मरणार्थ’. ती होती तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी तिथेच, कडुनिंबाखाली, जमिनीवर बसायचो. गुडघे दुखायला लागल्यावर ती माझा खांदा धरून उठायची आणि म्हणायची, “इथं एक बाक पाह्यजे होता.” मी लगेच मंत्र्यासारखा हात उंचावून आश्वासन द्यायचो. ती हसायची. ती हसली की मला वाटायचं, काम झालं. अशी चार वर्षं गेली. मग ती गेली.

बाक आणला भर वैशाखात. दीड-दीड फुटाचे खड्डे, दोन घमेली काँक्रीट, देखरेख माझी. जमीन दगडासारखी, वाटलं, हत्ती बसला तरी हलायचा नाही. पावसात काळी माती फुगली, दिवाळीनंतर सुकून भेगाळली, आणि बाकाचा एक पाय खचला.

मिस्त्री आला, बाकाभोवती एक फेरी मारली. “भाऊ, या मातीत खुंटा टिकत नाई अन् तुम्ही बाक रोवला? देवळापुढच्या काँक्रीटवर नेऊ. चार भोकं, चार बोल्ट, खेळ खतम.”

“तिथून नुसता रस्ता दिसते. तिले नाई आवडत.”

“पायवाटेच्या गट्टूवर ठेवा म्हटलं तर खाली रेती. गट्टूसकट उखडन.”

“इथंच बसव.”

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, शर्ट काढून झाडाला अडकवला आणि खोदायला लागला. चार फुटांवर मुरूम लागला. तिथून गिट्टी भरून कुटली, सळ्या बांधल्या, पाय उभे केले, काँक्रीट ओतलं. लेव्हलचा बुडबुडा मधोमध थांबला. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या आणि उजव्या टोकाला, माझ्या जागी, बसायला गेलो.

मिस्त्रीनं हात आडवा घातला. “बसू नका, भाऊ. रोज पाणी मारजा. आठ दिवस याच्यावर कोणी टेकाचं नाई.”

आणि माझ्या तोंडून, चांगलं मोठ्यानं, निघून गेलं, “मंग आठ दिवस ती एकटीच बसन काय?”