दिनकरसाठी चाखताना

दिनकर गेल्याचं त्याच्या मुलाने, संदीपने, फोनवर सांगितलं तेव्हा मी विश्रामबागेत भाजी घेत होतो. झोपेतच गेला. सकाळी दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी आत जाऊन पाहिलं. मी पिशवी तशीच भाजीवालीपाशी ठेवली आणि त्याच्या गावाची, कोरेगावची एसटी धरली. त्याला आता दीडेक महिना झाला असेल...

आम्ही शाळेपासूनचे. तो फौजेत गेला, मी सांगलीत नोकरीला आलो. पुढे दोघांच्याही बायका गेल्या, मुलं लांब राहिली. त्यात एका तापानंतर दिनकरची चव आणि वास दोन्ही गेलं. येईल परत, असं डॉक्टर म्हणाले, आलं नाही. "तोंडात कापूस कोंबल्यागत वाटतंय," एवढंच तो बोलला, आणि मला बजावलं, "संदीपला सांगू नगंस. तिकडं बसून उगा घोर लावून घील."

अशा माणसाने बार्बेक्यूच्या स्पर्धेत नाव घातलं. सांगलीतच होती, जोडीने उतरायचं होतं. मी म्हणालो, "आरं, तुला चव कळत न्हाई, आन् मला धड चहा जमत न्हाई."

"मी भाजतो, तू खा," तो म्हणाला. "खायला तर येतंय नव्हं?"

मग दर रविवारी तो माझ्याकडे येऊ लागला. परसात लोखंडी पिंप उभं कापून आडवं ठेवलेलं, वर जाळी, खाली कोळसा. मसाला माझ्याच ओट्यावर कालवायचा. मी चाखून 'बरं लागतंय' म्हटलेलं त्याला चालत नसे. "बरं म्हंजी काय? मीठ म्होरं हाय का आंबट? गिळल्यावर काय ऱ्हातंय?" साठी उलटल्यावर मी पहिल्यांदा लक्ष देऊन जेवायला लागलो.

पहिल्या स्पर्धेत आमची कोंबडी बाहेरून करपली आणि हाडाशी कच्ची राहिली. परीक्षक बाईंनी एक घास घेऊन ताटली बाजूला सारली. शेजारच्या जोड्या गाणी लावून नाचत होत्या. दिनकर जाळीकडे कान करून चरबीचा चरचराट ऐकत होता. "निखाऱ्यावर राख धरू द्यायला पायजे हुती," परतताना तो म्हणाला. "घाई झाली."

साताऱ्याच्या स्पर्धेत त्याने घाई केली नाही. बोकडाची अख्खी मांडी झाकण टाकून दुपारभर भाजली. दुसरा नंबर आला. निवेदकाने त्याच्यापुढे माईक धरला, "काका, एक घास खाऊन सांगा, कशी झालीय चव?" दिनकरने घास घेतला. सावकाश चावला. सगळं मैदान बघत होतं... मग त्याने माईक माझ्याकडे सरकवला. "ह्यो सांगंल. ह्येला माझ्यापरीस जास्त कळतंय."

मी सांगितलं. आधी मीठ आणि मिरं, मग धूर, आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या कडेला, कोकमाचा आंबटपणा. दिनकर माझ्या तोंडाकडे बघत होता. लांबच्या पोस्टिंगवर गावाकडची खबर आणणाऱ्याकडे बघावं, तसा. नंतर त्याने रांगेतल्या प्रत्येकाला स्वतः वाढलं आणि प्रत्येकाला विचारलं, कसं लागलं.

एसटीत मी म्हणालो, "आन् तुला?"

"मला घास ऊन लागला," तो म्हणाला. "तेवढं कळतंय."

दहा दिवस जेवण शेजाऱ्यांकडूनच येत होतं. दहावा झाल्यावर पाहुणे पांगले. घरात संदीप आणि मी दोघेच उरलो. काहीतरी खायला करावं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले. मग त्याने हाक मारली. "काका, घरात मीठच नाही. तिखट नाही, मसाला नाही. नुसते तांदूळ आणि डाळ. बाबा खात काय होते?"

मी तिथेच फरशीवर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो डबा हातात धरून उभाच राहिला.

"मी फोनवर दर वेळी विचारायचो, जेवण कसं झालं होतं," तो म्हणाला. "झकास, म्हणायचे."

दुकान जवळच होतं. तो मीठ आणायला निघाला, पण चप्पल घालता घालता थांबला आणि परत आला. आम्ही दिनकरच्या कुकरमध्ये डाळ-तांदूळ लावले आणि समोरासमोर बसून तसेच खाल्ले, बिनमिठाचे, पार ताट रिकामं होईपर्यंत.