‘येतो’ म्हटल्यावर

सिंगापूरमध्ये ग्रीक-लेबनीज जेवण कुठे चांगलं मिळतं, अशी विचारणा या फोरमवर झाली आणि अनेकांनी उत्तमोत्तम नावं सुचवली. मी ज्या जागेबद्दल लिहीत आहे, तिचं नाव देणार नाही. अमानवीय म्हणतात तशा गोष्टींकडे मी नेहमी सौम्य हसून दुर्लक्ष करत आलो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो.

साल २०१४. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागात, आमच्या ब्लॉकपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, एका जुन्या बंगल्यात ते रेस्टॉरंट होतं — पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या. रविवारी दुपारी मी आणि पत्नी सुनीता तिथे गेलो. शेजारच्या टेबलाशी एक वृद्ध चिनी गृहस्थ एकटेच बसले होते. समोर प्लेट नव्हती. जेवणभर ते माझ्याकडे इतक्या उघड द्वेषाने पाहत राहिले, की मी अर्धी प्लेट तशीच सोडली.

“तुम्ही काही बिघडवलंत का त्यांचं?” सुनीता कुजबुजली.

“मी? मी फक्त हमस मागवलं.”

निघताना वाटलं, वयाने मोठे आहेत, कटुता नको. किंचित वाकलो आणि घरच्या सवयीने तोंडून मराठीच निघालं — “बरं, येतो.”

“कधी?”

स्वच्छ मराठीत. आम्ही दोघांनीही ऐकलं… आणि जवळजवळ पळतच बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवसापासून मला अन्न जाईना. हॉकर सेंटरच्या खाद्यस्टॉलवरचा डोसा असो की सुनीताच्या हातचा वरणभात — प्रत्येक घास समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखा खारट, कडवट. डॉक्टरांना तपासण्यांत काहीच सापडलं नाही. पँट कमरेवर ठरेनाशी झाली.

एका सकाळी सुनीता म्हणाली, “अहो, तुम्ही त्यांना येतो म्हणालात. आणि गेला नाहीत.”

“अगं, ती बोलायची पद्धत आहे.”

“आपली. त्यांनी शब्दच धरला असेल तर?”

आम्ही गेलो. तेच गृहस्थ, तीच खुर्ची, तीच नजर. पण भाजलेल्या वांग्याचा पहिला घास घेतला आणि कित्येक दिवसांनी मला चव लागली. मी अधाशासारखा जेवलो. प्लेटही पुसून खाल्ली.

उठलो तेव्हा अडचण ध्यानात आली. ‘येतो’ म्हणालो तर पुन्हा बांधला जाणार. काही न बोलता दाराकडे वळलो, तर जिभेवर तोच खारटपणा चढू लागला. उरला एकच शब्द — जो आपल्या घरांत निघताना कुणी उच्चारत नाही.

सुनीताने माझा दंड घट्ट धरला. “अहो, ते नका म्हणू. माझी शपथ आहे.”

“जातो,” मी म्हणालो.

“जा.”

दार धरून उभ्या असलेल्या वेट्रेसला मी कसंबसं विचारलं, ते गृहस्थ मराठी कुठे शिकले? ती हसली. “अंकल आह? अंकल कॅनॉट टॉक वन लाह, सर. सिन्स स्मॉल.” म्हणजे ते लहानपणापासूनच मुके होते.

त्यानंतर जेवण पूर्ववत झालं. माझ्या तोंडदेखल्या सौजन्याची ही शिक्षा होती का, याचा मी पुष्कळ विचार केला. स्पष्टीकरण मिळालं नाही. सुनीता अजूनही मधूनच विचारते — ते ‘जा’ म्हणाले ते मोकळं केलं म्हणून, की…? आम्ही दोघंही आठवून पाहतो. शब्द आठवतो. आवाज कसा होता, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही.