बहुतेकबाईंच्या सासऱ्यांची दाढ

गल्लीत तिला सगळे 'बहुतेकबाई' म्हणतात. चहात साखर घातलीस का असं विचारलं, तर ती एक घोट घेऊन म्हणणार, "मला तरी लागत नाहीये." लग्नानंतर शेजारणीने खोचकपणे विचारलं, नवरा बरा आहे ना? "अजून तरी दोष आढळलेला नाही," असं उत्तर मिळालं.

दोष तिचा नाही, नोकरीचा. शहराबाहेरच्या एका कारखान्यात गाईबैलांच्या हाडांपासून दातांच्या डॉक्टरांसाठी चुरा बनतो. हाडं साफ करून, चरबी काढून, भट्टीत तासन्‌तास भाजतात. उरतात ते जाड मिठासारखे पांढरे खडे. दात पडून जबडा झिजला, की तिथे ते भरायचे, मग त्यांच्या आधाराने आपलं हाड वाढतं. बहुतेकबाई प्रत्येक घाण्यातली चिमूट घेऊन त्यात रोग पसरवू शकणारं जनावराचं प्रथिन राहिलंय का ते शोधते. नाही सापडलं तर लिहायचं, 'आढळले नाही'. 'नाही' असं लिहायची सोय नाही, कारण यंत्राला दिसेल तेवढंच ते सांगणार.

आता नेमकी सासऱ्यांचीच दाढ गेली. नवी बसवायची तर आधी हाच चुरा भरायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. हनुवटीतलं स्वतःचं हाड काढूनही चाललं असतं, पण "एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं?" म्हणत सासऱ्यांनी ते उडवून लावलं.

"सूनबाई, त्यात जनावराचं काही उरतं का? हो की नाही?"

"तपासणीत आढळत नाही, बाबा."

"म्हणजे नाही."

"म्हणजे आढळत नाही. धोका फारच थोडा आहे, पण शून्य कसा म्हणू?"

"मग मी तोंडात घेणार नाही. बिनदाढेचा मरेन!"

सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, म्हणून टाक ना नाही! एवढंसं खोटं संसारात चालतं. मी यांना देखणे म्हणतेच की!"

सून 'आढळत नाही'वरच अडून राहिली. सासऱ्यांनी अबोला धरला आणि डाव्या बाजूने चावत राहिले. डावीकडचीही एक दाढ दुखू लागली, तरी हू की चू नाही.

एका संध्याकाळी ती उशिरा आली आणि चपलाही न काढता खुर्चीत बसली.

"आज आढळलं," ती म्हणाली. "भट्टीच्या कोपऱ्यातला ट्रे नीट तापलाच नव्हता. सगळा घाणा फेकला."

सासऱ्यांचा अबोला तिथेच सुटला. "सगळा? दिसायला कसा होता?"

"पांढराशुभ्र. बाकीच्यांसारखाच."

"पुन्हा भाजायचा की!"

"जास्त भाजला तर विटेसारखा होतो, अंगात रुजत नाही. साहेबांचं तोंड पडलंय, माझ्याशी बोलत नाहीयेत."

"घरी सराव झालाय तुला," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे सापडलं की तू सापडलं म्हणतेस."

"म्हणावंच लागतं, बाबा."

"उद्या डॉक्टरांना फोन कर."

दवाखान्यात डॉक्टरांनी काय बरंवाईट होऊ शकतं ते सांगितलं, सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चुऱ्याची सीलबंद बाटली मागून घेतली आणि सुनेपुढे धरली. तिने चष्मा वर सरकवून तळावरचा घाण्याचा नंबर वाचला.

"हा मी तपासलाय," ती म्हणाली.

सासरे खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी आ केला.