परत पाठवलेला घड

सदरहू इसम नामे अनंत त्र्यंबक मुळे, वय छप्पन्न, राहणार इतवारा, बऱ्हाणपूर. हुद्दा: सेवानिवृत्त अव्वल कारकून. वर्तणूक: निष्कलंक. लाच घेतल्याची तक्रार: नाही. शेतीशी संबंध: निरंक.

यातली शेवटची नोंद खोटी होती, आणि ती खरी वाटावी म्हणून अनंतराव रोज सकाळी कोट घालून, छत्री घेऊन बाहेर पडत. घरी सांगत, कचेरीत बोलावलंय. नवा प्रांत झाला होता, नागपूर मुंबईकडे गेलं होतं, टपाल भोपाळहून हिंदीत येत होतं. अशा घोळात जुन्या माणसाला बोलावणं येणं कुणालाही पटण्यासारखं होतं. खरं तर कचेरीला त्यांची आठवणही नव्हती. अनंतरावांची झोप उडाली ती त्यामुळेच. वैद्यांनी तापीकाठी फिरायला सांगितलं.

इतवाऱ्यातला माणूस बिनकामाचा फिरत नाही, आणि हातात लोटा नसताना नदीकडे निघाला तर लोक काळजीने विचारतात. म्हणून कोट.

काठावर कडूची केळीची बाग होती. पहिल्या दिवशी अनंतराव सावलीला थांबले. दुसऱ्या दिवशी कडूने सहज हातात कंद दिला, "धरा बाबूजी, माती मी लोटतो." त्या रात्री ते गाढ झोपले. मग कोट बाभळीला लटकू लागला. पावसाळ्याअखेर कडूची बायको भागाबाई त्यांना बाबूजीऐवजी दादा म्हणू लागली, भाकरीत वाटा ठेवू लागली, आणि गवत नीट काढलं नाही तर बोलूही लागली. नोकरीत त्यांना इतक्या आपुलकीने कोणी रागावलं नव्हतं.

पुढल्या साली, एका रविवारी, अनंतरावांच्या ओट्यावर हेडक्लार्क गजानन काळे चहा पीत होते. तेवढ्यात खांद्यावर घड घेऊन कडू आला. त्याच्या घरची रीत होती, ओळीतला पहिला घड ज्याने कंद लावला त्याच्या दारी जायचा.

"वा," गजाननराव म्हणाले, "आम्ही खुर्चीवर बसलोय तरी कोणी केळं दाखवत नाही. तुम्हाला पेन्शनीतही घड? काम काय करता याचं?"

अनंतरावांच्या पत्नी कमलताई दारात येऊन उभ्या राहिल्या. अनंतरावांना एकच वाक्य बोलायचं होतं, की हा मी लावलाय. त्यांच्या तोंडून दुसरंच निघालं.

"जुना अर्जदार आहे. परत ने रे. मी असलं काही घेत नाही."

कडूने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग घड पुन्हा खांद्यावर घेतला. "चुकलं साहेब," म्हणाला आणि उतरून गेला. गजाननरावांना माणसाचा निःस्पृहपणा एवढा आवडला की त्यांनी तो सिंधीपुऱ्यापर्यंत सांगितला. आठवडाभर लोक अनंतरावांना वाटेत थांबवून नमस्कार करत होते. प्रत्येक नमस्काराला त्यांची मान थोडी अधिक खाली जात होती. झोप पुन्हा गेली.

शेवटी ते बागेत गेले. कोट न घालता, भर बाजारातून. कडूने हात जोडले आणि बांधावर स्वच्छ पोतं अंथरलं.

"बसा साहेब."

"कडू, मी खोटं बोललो."

"हो," कडू म्हणाला. "माझ्या पोरानं विचारलं, बाबा, आपण काय मागायला गेलो होतो?"

अनंतराव पोत्यावर बसले नाहीत. खुरपं मागायची छाती झाली नाही, म्हणून हातांनीच गवत उपटू लागले. बऱ्याच वेळाने भागाबाई जवळून गेली. तिने खुरपं दिलं नाही. "तिकडचंही राहिलंय," एवढं म्हणाली.

ते तिकडे गेले. लव्हाळ्याने बोटं कापली. दुपारी भाकरी खायला त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि ते घरीही गेले नाहीत.