कुंकवाच्या खुणेपर्यंत

ग्रीसचा वास आला की मला शिरपूरचं ते गॅरेज आठवतं. केळीच्या मळ्याकडे जाणारा रस्ता खोल चाकोऱ्यांचा, मागच्या दोनच चाकांवर ओढणाऱ्या आमच्या पिकअपचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं आणि गाडी तिथेच अडायची, म्हणून गॅरेजात तिची उंची वाढवून घ्यायचं ठरलं. मला चार इंच हवे होते, मिस्तरी दोनच म्हणत होता. बाकड्यावर शेंगा खात बसलेली आई आमच्या वादाला कंटाळून उठली आणि म्हणाली, "आधी मी चढी देखस." मग मिस्तरी दर वेळी जॅकने गाडी आणखी थोडी उचलून खाली लाकडी ठोकळे सरकवायचा आणि आई लुगडं सावरत चढून, सीटवर ऐटीत बसून उतरायची. बाकीची कामं सोडून सगळं गॅरेज बघत उभं राहिलं. शेवटी एकदा ती दाराला धरून मधेच थांबली. उतरल्यावर तिने बटव्यातलं कुंकू घेतलं, शेजारच्या खांबावर, गाडीच्या पायरीच्या उंचीहून जरा खाली, बोट टेकवलं आणि म्हणाली, "इतलंच." मिस्तरीने मागचे पाटे आणि पुढच्या स्प्रिंगा त्या खुणेनेच बसवल्या. परवा नवी पिकअप घेऊन मी त्याच गॅरेजात गेलो. किती इंच, मिस्तरीने विचारलं. गुडघा चोळत मी म्हणालो, "थांब, आधी मी चढून बघतो."