नानासाहेबांच्या घरगाडीतला टीव्ही

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून सगळं परत जातं. टीव्ही जातो, रिमोट जातो, कोणी विसरलेली छत्रीसुद्धा आठवड्याभरात मालक येऊन घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही. चिखलीत मी आणि गजानन भागीदारीत दुकान चालवतो, तर आमच्याकडे किस्से इतके साचलेत की फळीवर जागा उरली नाही. आज फक्त नानासाहेबांच्या गाडीचे सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, यातल्या प्रत्येक किश्श्यात मी गजाननवर जळतोय. मधेच विचारू नका, 'प्रकाशभाऊ, तुमचा चेहरा असा काऊन झाला?'

*

नानासाहेब उंद्रीचे. संत्र्याचा बगीचा, कृषी केंद्र, दोन मजली घर, सगळं व्यवस्थित. त्यांनी पुण्याकडून एक जुनं मोटारहोम विकत आणलं. आत पलंग, शेगडी, संडास, बेसिन, आणि भिंतीत बसवलेले दोन टीव्ही. गावानं त्याचं नाव ठेवलं घरगाडी.

गाडी गावात आली तेव्हा एक म्हातारबा काठी टेकत टेकत तिच्याभोवती फिरले आणि काळजीनं म्हणाले, "नाना, पोरानं घराबाहीर काढलं काय रे तुले?"

नानासाहेबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते साडूचं बोलणं. साडू म्हणजे साखरखेर्ड्याचे दिनकरराव. ते आले, आत गेले, चहा प्यायले आणि जाताना सहज म्हणाले, "गाडी झकास हाये. टीव्ही तेवढे लहान हायेत. आमच्या हॉलमंधी त्रेचाळीस इंची हाये ना, म्हणून वाटलं!"

दिनकररावांची गाडी फाट्यावर पोचायच्या आत आमच्या दुकानाचा फोन वाजला.

*

आम्ही गेलो. बेडरूममधला छोटा टीव्ही तासाभरात निघाला, त्याच्या जागी नवा बसलाही. पण समोरच्या खोलीतला काही केल्या निघेना. ज्यानं ती गाडी बांधली त्यानं आधी टीव्ही लावला होता आणि मग त्याच्याभोवती कपाट बांधलं होतं. समोरून एक स्क्रू दिसत नव्हता. सगळे स्क्रू मागे, आणि मागे जायचा रस्ता एकच, कपड्यांच्या कपाटातून!

गजानन काडीसारखा बारीक. दोन हँगर सरकवले आणि आत गेला. मी दुसरीकडून म्हणजे बाथरूममधून प्रयत्न केला. आत गेलो, पण वळता येईना. अर्धा बेसिनवर, अर्धा दारात. गजाननचा आवाज कपाटातून येत होता, "प्रकाश, तू कुठी हायेस बे?"

काय सांगणार!

शेवटी नानासाहेबांनी मला हाताला धरून बाहेर ओढलं. टीव्ही निघाल्यावर ते गजाननला 'इंजिनिअर' म्हणाले. मला म्हणाले, "प्रकाशभाऊ, तुम्ही जरासे खालीच उभे राहा. तुम्ही चढले का गाडी हालते."

*

आता खरी गोष्ट. त्या दिवशी चहा पिताना नानासाहेब म्हणाले, "आम्ही पुढच्या महिन्यात कोकणात जाऊन राह्यलो. समुद्राच्या काठावर गाडी लावाची, आतमंधी टीव्ही पाह्याचा. तुमच्यातला एक जण संगं पायजे. रस्त्यात टीव्हीले काई झालं तर?"

तुमच्यातला एक जण!

मी समुद्र पाहिलेला नाही. माझी बायको सुनंदा, तिनंही नाही. दरवर्षी आमचं ठरतं, आणि दरवर्षी काहीतरी निघतं. एकदा तिच्या भावाचं लग्न, एकदा माझं पथरीचं ऑपरेशन. दुकानात विकायला ठेवलेल्या टीव्हीवर आम्ही समुद्र कितीदा तरी पाहिला. कंपनीवाले रंग दाखवायला नेमका समुद्रच दाखवतात. पण तो खरा कसा आहे हे मला बघायचं होतं. मी गेलो असतो तर येऊन तिला सांगितलं तरी असतं.

गजाननही कधी गेला नव्हता. पण तो आपला बिस्कीट बुडवत बसला होता. माझा चहा तसाच थंड झाला.

*

त्रेचाळीस इंची टीव्ही आला, पण जुन्या खाचेत तो काही केल्या मावेना. गाडीत तेवढी मोकळी जागा एकाच ठिकाणी होती, मोठ्या खिडकीवर.

नानासाहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "खिडकीच झाकून टाकली तर बाहीरचं दिसन कसं?"

नानासाहेब म्हणाले, "बाहीरचं सगळ्याईले दिसते. टीव्ही आपल्यालेच दिसते!"

तोडगा मी काढला. हे नीट लक्षात ठेवा, मी काढला. बिजागरीवाला ब्रॅकेट केला. टीव्ही दारासारखा बाजूला उघडतो, मागे खिडकी मोकळी. गाडी चालू असताना तो झुलू नये म्हणून लोखंडी पिन. वहिनींनी स्वतः उघडझाप करून पाहिली आणि खूश झाल्या. मला वाटलं, झालं आपलं काम, एक पाय कोकणात!

*

मग ट्रायल. मी ड्रायव्हरशेजारी पुढे, गजानन आणि नानासाहेब मागे. पिन लावायचं काम गजाननचं. विसरला!

उंद्रीबाहेरच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि टीव्ही धाडकन उघडला. नानासाहेब थोडक्यात वाचले. मी मनातल्या मनात नारळ फोडला. आता तरी साहेबांना कळेल कोणाला न्यायचं ते!

पण टीव्ही बाजूला झाला तशी खिडकी मोकळी झाली, आणि खिडकीत कोण? दिनकरराव! मोटरसायकलवर, गाडीच्या बरोबरीनं चालवत, मान वाकडी करकरून आत किती इंची लावला ते पाहत होते. नानासाहेब दिसताच त्यांनी हात हलवला आणि सरळ शेतात शिरले.

नानासाहेब इतके हसले की गाडी थांबवावी लागली. गजाननच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा इंजिनिअर! तुम्ही पिन लावली असती तर हे पाह्याले भेटलं नसतं!"

माणूस चुकतो आणि शाबासकी घेतो. आणि मी? पिन घडवणारा मी!

*

गाडीची पूजा ठरली. गुरुजी आले, अर्धं गाव आलं, दिनकररावही आले. नानासाहेबांनी ऐटीत रिमोट दाबला. टीव्ही मेलेला!

आम्ही दोघांनी धावाधाव केली. मागचं सगळं खोललं, वायरी तपासल्या, इन्व्हर्टर तपासला. दिनकरराव मोठ्यानं म्हणाले, "होते, होते. चालत्या गाडीत नाई टिकत हे!" शेवटी माझं लक्ष दाराजवळच्या बटनांकडे गेलं. टीव्हीचं बटन बंद!

"बटन कोणं बंद केलं?" नानासाहेब ओरडले.

"म्या," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "घराबाहीर निघताना सगळे बटनं बंद करा लागते. हे घरच होय ना?"

शोधून काढलं मी. पण बटनाजवळ उभा होता गजानन. मी ओरडलो, त्यानं दाबलं, टीव्ही लागला आणि टाळ्या पडल्या त्याला! गुरुजींनी प्रसादाचा पहिला द्रोणही त्यालाच दिला.

*

निघायच्या आदल्या दिवशी निकाल लागला. झोपायला एकच जागा उरली होती, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा फळकुटाएवढा माळा. नानासाहेबांनी एकदा माळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग गजाननला म्हणाले, "इंजिनिअर, पिशवी भरा."

घरी आलो तर सुनंदा चिवडा करत होती. मी म्हटलं, कोणासाठी? म्हणाली, "गजाभाऊजींसाठी. रस्त्यात खातीन बिचारे."

"बिचारे?" मी जेवलोच नाही. ती म्हणाली, "तुमचं पोट दुखून राह्यलं, दुखू द्या. त्यांच्या पोटात तरी काई जाऊ द्या."

डबा घेऊन गेला तो. वर मला विचारतो, "तुह्यासाठी काय आणू बे तिकडून?" मी म्हटलं, मासळी. मी माळकरी आहे हे त्याला माहीत आहे. तरी त्यानं मान डोलावली.

*

गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी दुकानात बसलो होतो. घर दुकानाच्या मागेच आहे. व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर घामेजलेला गजानन.

"प्रकाश, टीव्ही बंद पडला बे! साहेबाईले साडूले कॉल कराचा हाये, मागं टीव्ही चालू दिसाले पायजे. ते लय तापले."

"पोचले का तुम्ही?"

"सकाळीच. काठावरच उभी हाये गाडी. तू टीव्हीचं सांग ना!"

"वहिनी कुठी हायेत?"

"खाली गेल्या, वाळूत. त्याईचं काय मधात?"

दाराजवळचं बटन जिभेवर आलं, ते मी तिथंच ठेवलं. मग म्हटलं, "मागची वायर पाहा लागन. पिन काढ."

"काढली."

"टीव्ही उघड. पुरा उघड. आता फोन खिडकीकडं धर."

मी आत हाक मारली, "सुनंदा! हातातलं टाक आणि ये लवकर!" ती पिठाच्या हातांनी आली आणि माझ्या खांद्यामागे उभी राहिली.

"धरला," गजाननचा आवाज आला. "अजून वर धरू काय?"

"जरासा. हां, बस."

"पण वायर तर खाली हाये बे! इथं नुसता समुद्र हाये!"

सुनंदाचा पिठाचा हात माझ्या खांद्यावर आला.

"प्रकाश? ऐकून राह्यला ना? साहेब विचारून राह्यले, किती वेळ लागन?"

"लागन थोडा," मी म्हटलं. "तू हालू नको."