वाकडी भिंत पाहायला गेलो त्याची गोष्ट

माणसं भूमध्य समुद्रावर समुद्र बघायला जातात. मी गेलो भिंत बघायला; तीही वाकडी, आणि कंपनीच्या खर्चानं. बायको आणि मुलगी मात्र आमच्या खर्चानं आल्या, हे बायकोनं आजवर मला विसरू दिलेलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही दुबईत अल मनखूलला राहायचो आणि माझी साइट होती अल ऐनला. रोज पहाटे उठून दीड तास वाळवंटातून गाडी हाणायची. साइटवर तीस व्हिला बांधायचे होते. त्यांचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अरबाब म्हणायचो, दर उन्हाळ्यात इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या गावी हवापालटाला जात. शंभरेक वर्षांपूर्वी विलायतेतले लॉर्ड लोक छातीच्या दुखण्यावर उपाय म्हणून तिथे येऊन राहायचे, एवढं ते नावाजलेलं. अरबाबना अगदी तसंच गाव अल ऐनला हवं होतं. अल ऐनपासून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर लांब आहे, ही गोष्ट मीटिंगमध्ये कुणीच काढली नाही. सगळे 'इन्शाल्ला' म्हणालो आणि चहा प्यायलो.

घोडं अडलं ते गिलाव्याशी. कन्सल्टंट साहेब इंग्रज. आम्ही केलेल्या नमुन्याच्या भिंतीवर त्यांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "टू परफेक्ट. तोडा."

आमचा गवंडी मिस्त्री साताऱ्याकडचा. ओळंबा न लावता नुसत्या डोळ्यानं भिंत सरळ आणणारा माणूस. त्याच्या गिलाव्यावर पट्टी टेकवली तर मधून कागद जायचा नाही. या पुण्याईवर त्याला चार वेळा नापास केलं. "मिस्त्री, जरा वाकडं करा," मी म्हणायचो. तो एखाद्या ठिकाणी मुद्दाम थापी मारायचा, आणि मी वळलो की त्याचा हात आपोआप ती जागा सपाट करून मोकळा.

"साहेब, हाताला सवयच न्हाई," तो म्हणायचा. "दारू न पिता झुलायला सांगताय तुम्ही."

पाचवा नमुना नापास झाला तर दुसरी टोळी आणायची, असं ऑफिसात ठरलं होतं. मिस्त्रीचा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता. टोळी बदलली की तो रिन्यू होणार नव्हता. गावी त्याचं घर अर्धं विटांचं झालं होतं, अर्धं अजून मातीचं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी अरबाब मला म्हणाले, "हबीबी, तू स्वतः जाऊन बघ. चार दिवस. यल्ला!"

घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं, "समुद्र आहे ना तिथे?"

"आहे, पण मी कामासाठी..."

"तुम्ही करा काम. पंधरा वर्षं सुट्टी म्हणजे एकतर तुमचं गाव नाहीतर माझं गाव. आम्ही समुद्र बघू."

व्हिसासाठी पगाराचं पत्र, बँकेचं पत्र, कंपनीच्या तिजोरीतला माझा पासपोर्ट, एवढं सगळं जुळवून आम्ही पोचलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच बायको थबकली. समुद्राच्या कडेनं ओळीनं खजुराची झाडं.

"अहो, ही तर आपल्या गल्लीत आहेत."

किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे होते. वर भाड्याच्या छत्र्या, एकीला एक खेटून. फुकटात पाय बुडवायला जी पट्टी शिल्लक होती तिच्यावर आमची सतरंजी आडवी मावेना. हॉटेलची लिफ्ट दीड माणसाची. मी आणि बॅग असे गेलो, तर बॅगेला खाली उतरवून मागून वर बोलवावं लागलं. खोलीला खिडकी होती. ती उघडली की समोरच्या घरातल्या आजोबांचं दाढी करणं दिसायचं.

"समुद्र?" बायकोनं विचारलं.

"त्या आजोबांच्या पलीकडे असणार."

बारा वर्षांची आमची लेक पलंगावर आडवी होत म्हणाली, "बाबा, धिस इज सो ओल्ड." तेच तर बघायला आलो होतो, पण हे तिला पटवण्यात अर्थ नव्हता.

मी कामाला लागलो. बॅगेतून पाणसळ, ओळंबा आणि टेप काढली. माझा विचार असा, की इथल्या भिंती दर फुटाला किती आत आणि किती बाहेर आहेत ते मोजायचं, त्याचं ड्रॉइंग करायचं आणि मिस्त्रीच्या हातात ठेवायचं. वाकडेपणा मापात बसवला की मिस्त्री तो बिनचूक करेल. विमानात हा विचार फार हुशारीचा वाटला होता.

दोन दिवस मी त्या गावातल्या भिंतींना ओळंबे लावत फिरलो. बारा मिलिमीटर आत, अठरा बाहेर, नऊ आत. भोवती माणसं जमायची. कुणीतरी खुर्ची आणून बसायचं. बायको आणि लेक माझ्यापासून वीस पावलं पुढे चालायच्या.

"बाबा, एव्हरीवन इज वॉचिंग."

"बघू दे. अगं, ही भिंत एका फुटात अडीच सेंटिमीटर गेलीये! कुणी पास केली असेल?"

"चारशे वर्षांपूर्वीचा कन्सल्टंट वारला असेल आता," बायको मागे न बघता म्हणाली. "चला पुढे."

फायदा एकच झाला. हॉटेलच्या जिन्यातल्या भेगेला मी टेप लावत असताना मॅनेजरनं पाहिलं. त्याला वाटलं मी सरकारी तपासनीस. मी इंग्रजीत खुलासा केला तसा तो अधिकच घाबरला, आणि तासाभरात आमचं सामान समुद्राकडच्या खोलीत गेलं. बाल्कनीत उभी राहून बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमच्या नोकरीचा हा पहिला उपयोग."

तिसऱ्या दिवशी रात्री वही उघडून बसलो. दोनशेच्या वर आकडे झाले होते आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. याचं ड्रॉइंग कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. मला मिस्त्रीचा चेहरा दिसायला लागला. मी वही फेकली. ती बाल्कनीत पडली, मग मलाच उठून आणावी लागली.

चौथ्या दिवशी, निघायच्या सकाळी, मागच्या गल्लीतून जाताना बायको एकदम थांबली. काळ्या झग्यातली एक म्हातारी बाह्या सारून आपल्या घराच्या भिंतीचा खपल्या पडलेला भाग दुरुस्त करत होती. शेजारी घमेल्यात चुन्याचा गिलावा. हातात थापी नाही, काही नाही, नुसता तळवा.

"अहो, ही तर लिंपतेय."

"काय करतेय?"

"लिंपतेय! आई नाही का दिवाळीच्या आधी भिंती लिंपायची, तशी. खांद्यातून हात फिरवतेय बघा. जिथवर हात पोचेल तिथवर एक फराटा, मग दुसरा."

मी पाणसळ काढणार, तोवर बायकोनं पर्स लेकीच्या गळ्यात अडकवली होती. म्हातारीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि घमेलं सरकवलं. एकीला मराठीखेरीज धड काही बोलता येत नव्हतं, दुसरीला इटालियनखेरीज. पण दोघी न थांबता बोलत होत्या. अर्ध्या तासात हातभर रुंद आणि पुरुषभर उंच भिंत झाली. म्हातारीचा भाग कुठे संपला आणि बायकोचा कुठे सुरू झाला, मला सांगता येईना. लेकीनं आपण होऊन फोटो काढले.

चुन्यानं बायकोचे तळहात भाजले. म्हातारीनं आतून व्हिनेगरची बाटली आणून तिच्या हातांवर ओतली. विमानात आमच्या रांगेला लोणच्याचा वास येत होता, आणि बायको खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी मी अल ऐनला मिस्त्रीसमोर रातोरात धुवून घेतलेले फोटो ठेवले. "मिस्त्री, सापडलं! पट्टी नको, थापी नको. लिंपायचं."

त्यानं फोटो नीट बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब, हे बाईमाणसाचं काम."

"अहो, पण..."

"माझ्या हाताखाली बारा माणसं. त्यांच्यासमोर मी भिंत लिंपू? गावी कळलं तर म्हनतील, दुबईला जाऊन लिंपायला शिकला." त्यानं फोटो माझ्या हातात परत ठेवले. "आन गावाकडची असली भिंत पाडायसाठीच तर मी इथं आलोय."

"कन्सल्टंट उद्या दहाला येणार आहेत," एवढंच म्हणालो, आणि केबिनमध्ये जाऊन एसीला शिव्या दिल्या.

दुपारी माणसं जेवायला सावलीत गेली. खिडकीतून पाहिलं तर नमुन्याच्या भिंतीभोवती गोणपाटांचा आडोसा उभा राहिला होता. रबरी हातमोजे घातलेला मिस्त्री आत शिरला आणि गोणपाट ओढून घेतलं. तासभर कुणी तिकडे फिरकू नये म्हणून मी आडोशाच्या तोंडाशी ड्रॉइंग पसरून बसलो आणि जो येईल त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

सकाळी कन्सल्टंटनं भिंतीवर घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा हात फिरवला. "नाउ, धिस इज इट." सही झाली. मिस्त्रीच्या व्हिसाचे कागद त्याच दुपारी पुढे सरकले. अरबाब आले, माशाल्ला म्हणाले आणि तीसच्या तीस व्हिला अश्शाच करायचा हुकूम देऊन गेले.

म्हणजे आता बारा माणसांना लिंपायला शिकवायचं होतं. मिस्त्रीनं सगळ्यांना गोळा केलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "ही इटलीची पद्धत हाय. साहेब खास तिकडं जाऊन शिकून आलेत. आता साहेबच करून दाखवतील."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हातमोजे पुढे करून उभा होता.

बाह्या वर केल्या. घमेल्यातून पहिला गोळा घेऊन भिंतीवर मारला, तो सावकाश घसरत माझ्या बुटांवर आला. दुसरा शर्टवर. बारा माणसं हसू दाबून उभी, आणि मागून मिस्त्रीचा हलका आवाज, फक्त मला ऐकू येईल असा:

"साहेब, मनगट न्हाई. खांद्यातनं. हात सैल सोडा."